अंजनाची पश्चिमेकडची फांदी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. दोन्ही मुलींना माहीत नाही. बहिणीला मी पोटातलं सगळं सांगते, माहेरचं, सासरचं, दुखण्याखुपण्याचं, पण हे तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सोपं आहे ना? ओळखीच्या माणसासमोर बोलायला छाती लागते. ती माझ्यात नव्हती. गावात मात्र मी धाडसी बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

प्रसिद्ध! या शब्दाचाच मला संताप येतो.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, सासऱ्यांनी काढलेलं. मागे थोडी कोरडवाहू जमीन आणि गोठ्यात शेळ्या. दुकान मी बघते, शेळ्या मी बघते, आणि गेली काही वर्षं गावच्या वन समितीची अध्यक्षही मीच. शाळेतली मुलं मला ‘पाखरंवाल्या अक्का’ म्हणतात. सव्वीस जानेवारीला माझा सत्कार करतात. शाल देतात, नारळ देतात. तो नारळ मी घरी आणून फोडते आणि त्याची चटणी करते. चटणी घशाखाली जाते. जात नाही असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ती जाते.

आधी घळीबद्दल सांगायला हवं. घळ कळली नाही तर बाकीचं काहीच कळणार नाही.

डोंगरावर महादेवाचं ठाणं आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला एक अरुंद, खोल घळ. उन्हाळ्यात आमचा डोंगर म्हणजे तापलेला तवा. दगडावर अनवाणी पाय टेकवत नाही. झाडं म्हणजे नुसत्या काड्या. सावली धरायची तर स्वतःच्याच सावलीत उभं राहावं. पण घळीत चार पावलं उतरलं की अंगाला गारवा लागतो. तळाशी खडकातून पाणी झिरपतं, ओंजळभरच, पण वैशाखातही आटत नाही. त्या ओलीवर करंज, जांभूळ, अंजन अशी पानं धरून राहणारी झाडं आहेत. घळीच्या दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यामुळे सकाळचं ऊन आत येतच नाही. तोंड मात्र मावळतीला. दुपार कलली की ऊन त्या तोंडातून सरळ आत घुसतं. आणि तिथं, बरोबर तोंडावर, एक जुना अंजन उभा आहे. पडदा लावल्यासारखा.

मी हे आता मोठ्या शहाणपणानं लिहिते आहे. तेव्हा मला तो अंजन म्हणजे शेळ्यांचा पाला दिसत होता.

घळीत उन्हाळ्यात एक पाखरू येतं. पांढरंशुभ्र, डोकं काळं कुळकुळीत, त्यावर तुरा आणि मागे हातभर लांब दोन पिसं, फितीसारखी. मादी तांबूस, आखूड शेपटीची. पुस्तकात त्याचं नाव ‘स्वर्गीय नर्तक’. आमच्याकडे असलं नाव कोण घेतो? आम्ही म्हणतो रिबिनवाला. एवढ्या कोरड्या भागात हा पक्षी घरटं करतो हेच लोकांना नवल. त्या नवलापायी विद्यापीठातून एक मुलगी आली, ऋतुजा. आमच्या मागच्या खोलीत राहायची. मला काकू म्हणायची. उन्हानुसार पाखरं घरट्याची जागा कशी बदलतात, हा तिचा अभ्यास. झाडांना ती बारकी तापमापकं टांगून ठेवायची.

ती सांगायची आणि मी दुकानात शेंगदाणे निवडत ऐकायची. उन्हाळा नरम असला की पाखरं घळीच्या वरच्या काठाला घरटी बांधतात. तापला की खाली सरकतात, पाण्याजवळ, सावलीच्या पोटात. अंड्यांना ऊब लागते, पण ऊब आणि भट्टी यांत फरक आहे. ‘काकू,’ ती म्हणायची, ‘घरटं कुठल्या झाडावर आहे ते बघू नका. दुपारी त्याच्यावर कुणाची सावली पडते ते बघा.’ मी मान डोलवायची. मान डोलवायला काय लागतं?

त्या वर्षी होळीच्या आधीच ऊन पेटलं. रिबिनवाल्याच्या जोडीनं घरटं बांधलं ते पार खाली, पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या फांदीला. खडकावर चढलं की आत डोकावता यायचं. चहाच्या कपाएवढं घरटं, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. ऋतुजानं मला स्वतः नेऊन दाखवलं. नर अंड्यांवर बसला होता आणि त्याची शेपटी घरट्याबाहेर लोंबत होती. मला हसू आलं. एवढा लपून बसलाय आणि झेंडा बाहेर!

म्हणजे मला घरटं माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं.

आता सोजरबाई.

सोजरबाई धनगर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिचा कळप होता, तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एकेक पाट, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, वाढवत केलेला. आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ट्रकमध्ये चूल, भांडी, पोरं, कोंबड्या भरून माणसं ऊस तोडायला जातात ती थेट उन्हाळ्यात परत येतात. सोजरबाई कधी गेली नव्हती. ‘शेळ्या हायेत तवर आमी फडात जायचं न्हाई,’ असं ती उघड म्हणायची, जरा मिजाशीतच. मिजास का नसावी? पोरं तिची गावच्याच शाळेत शिकत होती आणि वर्षभर घराला कुलूप लागत नव्हतं. त्या कळपावर हे सगळं उभं होतं. आणि कळप उन्हाळ्यात उभा होता तो घळीतल्या सावलीवर. दुपारी ती शेळ्या तिथं आणून बसवायची. उन्हं उतरली की पुन्हा डोंगरावर न्यायची.

घळीचा नियम मीच लिहिला होता, समितीत: दुपारी जनावरं सावलीला आणायला हरकत नाही, पाणी पाजायला हरकत नाही, पण आतल्या झाडाची एक डहाळीही कुणी तोडायची नाही. सोजरबाईनं तो नियम कधी मोडला नाही. तिची आकडी, म्हणजे फांद्या खाली ओढायची ती लांब काठी, घळीच्या तोंडाशीच टेकवून ठेवलेली असायची. मी स्वतः बघितलेली आहे.

नियम मी मोडला.

झालं लिहून. एवढं वाक्य लिहायला मी किती पानं फाडली ते सांगत बसत नाही.

आमच्या शेळ्या बांधलेल्या. त्यांना चारा घरी आणून घालावा लागतो. चारा आणणारा गडी लग्नाला गेला आणि आलाच नाही. दोन शेळ्या गाभण होत्या, कडबा हुंगून तोंड फिरवत होत्या. दिवस उजाडायच्या सुमारास मी कोयता घेतला आणि घळीत गेले. का गेले? दुसरीकडे पाला नव्हता का? होता. तळ्याकडे बाभळी होत्या, बांधावर बोरी होत्या. पण बाभळीला काटे आणि बांध लांब. आणि अंजनाला नुकती कोवळी पालवी आलेली. एवढंच. याहून मोठं कारण नाही. असतं तर मी ते इथे नक्की टाकलं असतं.

आणि मी काळजी घेतली, बरं का! करंजाला हात लावला नाही. करंजाच्या आसपासचं काहीच तोडलं नाही. घरट्यावर मादी बसली होती, ती उडू नये म्हणून लांबून वळसा घातला. मी अंजनाची फांदी तोडली. घरट्यापासून चांगली लांब, वेगळ्या झाडाची, मावळतीच्या अंगाची. सकाळच्या त्या उजेडात तिची सावली घरट्याच्या आसपासही नव्हती. मी मनात म्हटलंसुद्धा, कुणाचं काही बिघडलं नाही.

सावली फांदीच्या खालीच बसून राहते, असं मला वाटलं होतं का? पन्नाशीला आलेली बाई मी. जन्मभर वाळवण घातलंय. पापड, कुरडया, शेवया, सावली सरकली की तट्ट्या सरकवत आले. सकाळची सावली दुपारी भलतीकडे जाते हे मला पापडाच्या बाबतीत कळतं. पाखराच्या बाबतीत कळलं नाही. कळून घेतलं नाही.

भारा बांधला, डोक्यावर घेतला, घरी आले. शेळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा बँकेच्या कामाला बीडला गेली होती. दुपार कलल्यावर मी सहज घळीकडे गेले. सहज कसली? मनात काहीतरी टोचत असणार. तोंडातून ऊन आत घुसलं होतं. पडद्याला भोक पडलं होतं ना, त्या भोकातून सरळ करंजावर. घरट्यातली अंडी तोवर फुटून पिल्लं आलेली. आणि नर घरट्याच्या काठावर उभा होता, बसलेला नव्हे, उभा. पंख अर्धे उघडून. चोच वासून. धापा टाकत होता. स्वतःच्या अंगाची सावली पिल्लांवर धरत होता. ती लांब पिसं घामेजल्यासारखी खाली चिकटलेली.

मी खडकावर उभी राहिले आणि बघत राहिले.

माझ्या घरात गोणपाटं पडलेली होती, वाटेल तितकी. दुकानच किराणाचं. एक गोणपाट आणून अंजनाच्या त्या जागी टांगलं असतं तर? एवढंच काम होतं. डोक्यात आलंही. पण भर दुपारी समितीतल्या बाई गोणपाट घेऊन घळीत का चालल्या, असं कुणी विचारलं असतं. तिथं कापलेली फांदी दिसली असती. मग? मग माझा नियम, माझी समिती, माझं नाव.

मी घरी आले. दुकान उघडलं. साखर तोलली.

ऋतुजा परतली तोवर घरटं गार पडलं होतं. गार म्हणजे मेलेलं. पिल्लांना मुंग्या लागल्या होत्या आणि पाखरांची जोडी दिसत नव्हती. ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. रडली-बिडली नाही. फक्त विचारलं, ‘काकू, अंजन कुणी तोडला?’

आणि मी, हातात मापटं होतं माझ्या, मान वरही न करता म्हणाले, ‘सोजरबाईच्या शेळ्या असतात तिथं.’

किती चलाख वाक्य आहे बघा. खोटं म्हणून धरता येत नाही. शेळ्या असतातच तिथं. पण तिनं पुन्हा विचारलं, ‘तुम्ही बघितलं?’ तेव्हा चलाखी पुरली नाही. मी म्हणाले, ‘हो. आकडीनं ओढत होती.’

समितीची बैठक महादेवाच्या सभामंडपात झाली. सोजरबाईला बोलावलं होतं. ती पायरीवर बसली, आम्ही सतरंजीवर. सरपंच म्हणाले, ‘बाई, गावानं तुला सावली दिली, पाणी दिलं. मग फांदी कावून तोडली?’

‘मी न्हाई तोडली. त्या दिशी मी तळ्याकडं गेलते.’

‘सगळे असंच म्हणत्यात,’ कुणीतरी मागून बोललं. ‘शेळीचं त्वांड आन् मुकादमाचा सबूद, कुणी भरवसा धरावा?’

सगळे हसले. ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या नावानं आमच्याकडे हशा पिकतोच. सोजरबाई हसली नाही. पदर खोचून उभी राहिली.

‘बरं, तोडली म्हणा! मी फांदी वडली, शेळ्यांनी पाला खाल्ला. मग फांदीची नुसती काठी ऱ्हाईल का न्हाई? जावा, बघा अंजनाखाली. काठी कुठं हाय? का माझ्या शेळ्या काठ्या बी खात्यात?’

लोक आणखीच हसले. ‘सोजरे, तुझ्या शेळ्यांचं काय सांगावं, समितीचा फलक बी खातील!’ एकजण म्हणाला आणि हशा छपराला लागला.

त्या हशाचा मला आजही राग येतो. सगळ्यांत जास्त राग त्याचाच. कारण ती खरं बोलली होती, आणि पुराव्यासकट बोलली होती. गुराख्याची रीत आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. आकडीनं डहाळी खाली वाकवायची, मोडून तशीच लोंबती ठेवायची. शेळ्या जागेवरच पाला खातात, काठी झाडालाच लटकते किंवा खाली पडते. फांदी सफाईनं कापून, भारा बांधून घरी कोण नेतं? ज्याच्या शेळ्या घरी बांधलेल्या असतात तो. गावात अशी घरं किती? बोटावर मोजण्याएवढी. त्यातलं एक घर सतरंजीवर, सरपंचांच्या शेजारी बसलं होतं. उठून पन्नास पावलं चालून गेलं असतं तरी कुणालाही कापलेली जागा दिसली असती. कोयत्याचा घाव होता, तिरका, गुळगुळीत.

एकही माणूस उठला नाही. का उठतील? धनगराची बाई पायरीवर उभी राहून बोलते आणि दुकानदारीण सतरंजीवर बसून बोलते, खरं कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं. मला ते माहीत होतं. मी त्याच्यावरच भिस्त ठेवली होती.

सरपंच माझ्याकडे वळले. ‘अक्का, तुमी डोळ्यानं बघितलं ना?’

‘बघितलं,’ मी म्हणाले.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, संपलं. नाही. वाईट ते पुढेच आहे.

सोजरबाई त्या सकाळी घळीत नव्हती हे मला कसं माहीत? ती तळ्याकडे गेली होती हे मला कुणाकडून कळायची गरजच नव्हती. फांदी आणून मी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तीच होती. शेळ्यांना चाटवायला खडेमीठ घ्यायला आली होती. मीच विचारलं होतं, ‘आज कुणीकडं?’ तर म्हणाली, ‘तळ्याकडं जाते. बाभळीच्या शेंगा पडल्यात म्हणं लई.’ एवढ्यात तिच्या दोन शेळ्या आमच्या बोळात घुसल्या. अंजनाचा भारा तिथं टेकवलेला, ताजा, चीक वाळायचा होता. त्यांनी तोंड घातलं. सोजरबाई धावली, एकीच्या पाठीत धपका घातला, दुसरीला कान धरून ओढत म्हणाली, ‘ये भवाने, अक्काच्या घरचं हाय ते! सोड!’ आणि माझ्याकडे बघून हसली.

म्हणजे तिला माहीत होतं.

सभामंडपात उभी असताना तिला माहीत होतं, ती काठी कुठे आहे. माझ्या गोठ्यामागे सरपणात पडली होती. ती नाव घेऊ शकली असती. ‘अक्काच्या बोळात भारा बघितला’ एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. ‘काठी कुठं हाय’ एवढंच विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. ती मला संधी देत होती का? की माझं नाव घेतलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, उलट खोटारडी म्हणून आणखी हिणवतील, हे तिनं ओळखलं होतं? मला माहीत नाही. मला तिचा भयंकर राग आला होता त्या वेळी – हेही लिहून ठेवते. माझ्याकडे बघते म्हणून. वाटलं, घे ना बाई नाव, संपव एकदाचं. माझं काम तिनं करावं अशी माझी अपेक्षा होती! चोरी मी करायची आणि कबूल मात्र तिनं करायची.

ठराव झाला. सोजरबाईच्या शेळ्यांना घळ बंद. महिन्याभरात घळीच्या तोंडाला काटेरी तारेचं कुंपण आलं, लोखंडी दार आलं, दाराला कुलूप आलं. वर फलक: पक्ष्यांसाठी राखीव. रंगाऱ्यानं फलकावर मोर काढला. त्याला रिबिनवाला कुठे माहीत होता? किल्ली माझ्याकडे दिली. विश्वासू माणूस म्हणून.

बाकीचा उन्हाळा मी मागच्या दारातून बघितला. आमच्या मागच्या दारातून डोंगराची ती बाजू सगळी दिसते. दुपारी सोजरबाईचा कळप उघड्यावर उभा असायचा. उन्हाचा मार लागला की शेळ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालतात. प्रत्येकीला दुसरीची सावली हवी असते. लांबून तो कळप नुसता पाठींचा ढीग दिसायचा, डोकी नसलेला. पाखरं उन्हापायी खाली सरकली, घळीत आली. शेळ्याही त्याच उन्हापायी त्याच घळीत येत होत्या. एवढ्या डोंगरात दोघांना पुरेल एवढी ती एकच गार जागा होती, आणि दोघांना ती पुरत होती. न पुरणारी मी होते.

गाभण शेळ्या गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. एकामागून एक. काही मेल्या. उरलेल्या तिच्या नवऱ्यानं बाजारात नेऊन खाटकाला दिल्या, हाडं वर आलेल्या, पडेल त्या भावात. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा सोजरबाई त्यात चढली. मी दुकानातच होते. ट्रक आमच्याच दारावरून जातो. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता. धुळीसाठी असेल. धाकटा पोरगा तिच्या शेजारी बसला होता. शाळा त्यानं तेव्हा सोडली ती सोडलीच.

पुढच्या वर्षी रिबिनवाले पुन्हा आले, आणि घरटं नीट पार पडलं. गाव म्हणालं, बघा, कुंपणाचा परिणाम! शेळ्या बंद केल्या आणि पाखरं वाढली. अक्कांनी करून दाखवलं. कसला परिणाम? अंजनाला धुमारे फुटले होते. भोक बुजलं होतं. माझा कोयता तेवढा त्या वर्षी घरी होता. ऋतुजा अभ्यास संपवून गेली. त्या घरट्याचं नुकसान शेळ्यांमुळे झालं असं तिनं लिहून ठेवलं आहे. माझ्या शब्दावर. हुशार मुलगी, तापमापकांवर विश्वास ठेवायची, आणि माझ्यावर.

मग मला अध्यक्ष केलं. मग शाळेत भाषणं. ‘मुलांनो, सावली ही पक्ष्यांची चूल नव्हे, माठ आहे’ – असली वाक्यं मी बोलते. टाळ्या पडतात. घरी येऊन कुणावर तरी ओरडते, नवऱ्यावर, गड्यावर, शेळीवर. घरचे म्हणतात, अक्काला ऊन सोसत नाही.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांत कुंपण का काढलं नाही? किल्ली तर माझ्याकडेच आहे. कुणाला काही कारण न सांगताही दार उघडता आलं असतं. समितीत एक ओळ बोलले असते, ‘दुपारी जनावरांना येऊ द्या’, तर कुणी अडवलं असतं? कुणी नाही. पण मग कुणीतरी म्हणालं असतं, ‘अक्का, मग तवा कावून बंद केलं होतं?’ त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी दर उन्हाळ्यात ते कुलूप लावून ठेवलं. पहिल्या दिवशीचं खोटं एका श्वासात बोलून झालं होतं. ही कुलपं मी थंड डोक्यानं लावली.

यंदाच्या दिवाळीआधी सोजरबाई दुकानात आली. फडावर न्यायला चहापत्ती, तिखट, साबण घेतलं. थकली आहे. बोटं वाकडी झाली आहेत. सामान पिशवीत भरता भरता म्हणाली, ‘अक्का, तुमच्या एखाद्या शेळीची पाट द्याल का अर्धलीनं? म्हातारा म्हणतो, औंदाचा फड शेवटचा. आल्यावर सांभाळीन म्हणते.’ अर्धली म्हणजे शेळी माझी, सांभाळ तिचा, होतील त्या पिल्लांत निम्मी तिची. आमच्याकडची जुनी रीत आहे. असेच कळप उभे राहतात. तिचा पहिला कळपही असाच राहिला होता.

गोठ्यात तीन पाटी होत्या. मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, ‘देते गं, पण उन्हाळ्यात नेशील कुठं? सावलीला जागा कुठं हाय आता?’

तोंडातून निघून गेलं असं म्हणणार नाही. विचार करून बोलले. ती कळप घेऊन पुन्हा रोज दुपारी त्या दाराशी उभी राहिलेली मला बघायची नव्हती.

सोजरबाईनं पिशवीच्या बंदाला गाठ मारली. ‘व्हय,’ म्हणाली, ‘जागा तर न्हाईच.’ आणि पायरी उतरून गेली. वळून बघितलं नाही. त्या सभामंडपात बघत होती तशी एकदा तरी बघेल असं वाटलं होतं. नाही बघितलं. माझ्याकडून काही येईल हे तिनं केव्हाच सोडून दिलं आहे.

हे छापून तुमच्या हातात पडेल तेव्हा ती कारखान्याच्या बाजूला, उसाच्या पाचटाच्या कोपीत असेल. तिला वाचता येत नाही. तिच्या मुक्कामाचं गाव मला माहीत आहे. तिकडे जाणारी एसटी आमच्या दुकानासमोर थांबते. मी त्या एसटीत बसले नाही. मी कागद घेऊन बसले, आणि जी माणसं मला कधी भेटणार नाहीत त्यांना सगळं नीट, क्रमानं लिहून सांगितलं.

फांदी मी तोडली. नाव तिचं घेतलं. आणि आजही जिला सांगायला हवं तिला सोडून मी तुम्हाला सांगितलं.